आधी घर, मग गिनीपिग

परीक्षा संपत आल्या की मला मेसेज यायला लागतात. ताई, लेकीला गिनीपिग हवाय, एखादं चांगलं पेट शॉप सांगा ना. ऑफिसमधले, सोसायटीतले, मुलीच्या शाळेच्या ग्रुपवरचे, कोणाकोणाचे येतात. मी सगळ्यांना एकच विचारते, ठेवणार कुठे? त्या जागेचा फोटो पाठवा मला. मग तिकडून उत्तर येतं की अहो पिंजरा मिळतो ना सोबत, दुकानवालाच देतो. हे ऐकलं की माझ्या पोटात कालवाकालव होते, कारण तो सोबत मिळणारा पिंजरा मी बघितलाय. लव्हबर्ड्ससाठी बनवलेला असतो, दीड फूट बाय एक फूट, खाली तारेची जाळी, जाळीखाली घाण पडायचा ट्रे, आणि त्यात एक गोल फिरणारं चाक. त्या जाळीवर चोवीस तास उभं राहून गिनीपिगच्या तळपायांना आधी लाली येते, मग जखमा होतात, मग त्या जखमांत पू होतो, आणि हे सगळं पोटाखाली झाकलेलं असल्यामुळे घरातल्या कुणाच्या लक्षातही येत नाही.

असं होतं त्याचं कारण मला तरी एकच दिसतं. जनावर हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतं आणि त्याचं घर नीट करायचं तर त्याच्या पाच-सहा पट खर्च येतो, हा हिशोब माणसाच्या पचनी पडत नाही. एवढ्याशा जिवाला एवढं कशाला, असं वाटतं. म्हणून सगळे आधी जनावर आणतात आणि मग घराचं बघू म्हणतात. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा करा. घर पूर्ण मांडून होऊ दे, गवत येऊन पडू दे, डॉक्टर शोधून होऊ दे, आणि मग त्यांना आणा. ते दहा दिवस उशिरा आले तर पोरं रुसतील थोडी, रुसू देत.

घर कसं मांडायचं हे कळायला आधी हा प्राणी कोण आहे ते डोक्यात बसायला हवं. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोरकडच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवला, तो खाण्यासाठी, आणि तिकडे आजही तो खातात. त्याचे रानातले भाऊबंद गवताळ जागी कळपाने राहतात, आणि शिकारी पक्ष्यांपासून कोल्ह्यापर्यंत सगळ्यांचं ते भक्ष्य. याला ना मांजरासारखं उंच चढता येतं, ना सशासारखी लांब उडी मारता येते, ना घुशीसारखं बीळ खणता येतं. पळायचं आणि लपायचं, एवढीच दोन हत्यारं. हवा थंड, कोरडी, खायला दिवसभर गवत, आजूबाजूला आपली माणसं, आणि डोक्यावरून सावली गेली की धूम. पुण्यातल्या आमच्या टू बीएचकेमध्ये यातलं काहीच आपोआप मिळत नाही. ते आपण करून द्यायचं असतं. घर मांडणं म्हणजे मला तरी एवढंच वाटतं.

जागेपासून सुरुवात. आमच्याकडे सगळ्यात आधी बाल्कनीचं नाव निघालं, आणि बहुतेक घरांत तेच निघतं. बाल्कनी नको. दुपारचं ऊन, पावसाची झड, बोका, कावळे, आणि शेजारच्या बिल्डिंगवर बसलेली घार, हे सगळं तिथे एकदम असतं. स्वयंपाकघर नको, मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्यांनी ते दचकत राहतात, शिवाय फोडणीचा धूर. टीव्हीच्या शेजारी नको. पण अगदी आतल्या बंद खोलीतही नको, कारण माणसांची ये-जा दिसली नाही तर ते माणसाळत नाहीत. आमच्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलामागे एक कोपरा आहे, दोन बाजूंना भिंत, थेट ऊन येत नाही, पंख्याचा वारा डोक्यावर बसत नाही. लेकीने आणि मी तिथे टेप लावून फरशीवर खडूने चौकोन आखला, सासूबाई सोफ्यावरून बघत होत्या, म्हणाल्या, "अगं, एवढ्यात माझं अंथरूण मावेल." लेक म्हणाली, "आजी, पण तुला पळायचं नसतं ना." यावर आजी हसली आणि चौकोन कायम राहिला.

दोघांसाठी कमीत कमी साडेसात चौरस फूट, ही अमेरिकेतल्या प्राणी कल्याण संस्थांची जुनी शिफारस आहे, आणि त्यातही त्या म्हणतात की साडेदहा चौरस फूट दिलं तर बरं. मी म्हणते साडेदहाच द्या. आणि हे जमिनीवरचं क्षेत्रफळ, मजले चढवून वाढवलेलं नाही, कारण त्यांना सरळ रेषेत पळायला लागतं. ऑनलाइन कपड्यांचे-चपलांचे रॅक म्हणून लोखंडी जाळीचे चौकोन मिळतात, १४ इंची, प्लास्टिकच्या जोडण्यांनी एकमेकांत अडकवायचे. दोन चौकोन रुंद आणि चार चौकोन लांब असं जोडलं की साडेदहा चौरस फुटांच्या आसपास जागा होते. फक्त जाळीची भोकं दीड इंचापेक्षा मोठी नकोत, पिल्लांची डोकी अडकतात त्यात. तळाला लागते पोकळ रेघांची प्लास्टिकची शीट, 'नो पार्किंग'च्या पाट्या ज्याच्या करतात ना, तीच. फ्लेक्स छापणाऱ्याकडे मोठी शीट मिळते. चारी बाजूंनी सहा-सहा इंच सोडून कटरने अर्धवट चीर द्यायची, आरपार नाही, म्हणजे कडा सुबक वर वळतात आणि शीटचा भलामोठा ट्रे तयार होतो. कोपरे चिकटपट्टीने बाहेरून जोडायचे, आतून नाही, आतून लावलेलं सगळं कुरतडलं जातं. एका रविवारचं काम आहे, आणि पोरांच्या हातून करून घेण्यासारखं आहे. ज्या पोराने स्वतः घर जोडलंय ते पोर नंतर साफसफाईला कमी कुरकुर करतं असा माझा तरी अनुभव आहे.

चाक आणि प्लास्टिकचा पारदर्शक बॉल, दुकानदार देईल, घेऊ नका. उंदीर-हॅमस्टरचा मणका तसा वाकतो, यांचा नाही वाकत.

आता त्या शीटवर काय अंथरायचं. वखारीतून भुसा आणा, फुकट मिळतो, असं मला कितीतरी जणांनी सांगितलं. वखारीतल्या भुशात कुठली कुठली लाकडं असतात, पाइन-देवदारासारख्या वासाच्या लाकडातली द्रव्यं आणि तो बारीक धुरळा त्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि फुप्फुस हा त्यांचा कमजोर भाग. आम्ही वापरतो फ्लीस, ते मऊ ब्लँकेटचं कापड असतं ना ते, आणि त्याच्याखाली जुने टॉवेल, जुन्या सुती चादरी, फाटलेल्या गोधडीचे तुकडे. मराठी घरात जुन्या चादरींना काय तोटा. यात एक खुबी आहे. नवीन फ्लीसवर पाणी टाकलं तर ते थेंबाथेंबाने वरच उभं राहतं. ते आधी तीन-चार वेळा गरम पाण्याने धुवायचं, कम्फर्टसारखं काही घालायचं नाही, मग पाणी कापडातून खाली झिरपतं आणि वरचा भाग कोरडा राहतो. आमच्या लेकीने चमच्याने पाणी टाकून टाकून बघितलं, पहिल्या धुण्यानंतर थेंब गोल, दुसऱ्यानंतर जरा पसरट, आणि मग एकदा चमचा ओतला आणि पाणी खाली गायब. तेव्हा ते कापड तयार झालं. गिनीपिग दिवसभर मुततात, अगदी सतत, आणि कुठेही, त्यामुळे ओलं वर राहिलं की पाय आणि पोट खराब होणारच. रोज सकाळी छोट्या झाडूने लेंड्या झाडायच्या, तीन-चार दिवसांनी कापड बदलायचं. मशिनमध्ये टाकायच्या आधी बाल्कनीत खणखणीत झटकायचं आणि जुन्या अभ्र्यात घालून गाठ मारून धुवायचं, नाहीतर मशिनच्या फिल्टरमध्ये केस आणि गवताच्या काड्या अडकून बसतात.

लपायच्या जागा. जितके गिनीपिग त्यापेक्षा एक घर जास्त, आणि प्रत्येक घराला दोन दारं. हे दोन दारांचं फार महत्त्वाचं आहे. एकच दार असलं की आत बसलेलीला दुसरी दारात उभी राहून अडवते आणि मग दात वाजवणं, भांडणं सुरू होतात. ऑनलाइन शॉपिंगचे खोके उपडे घालून दोन बाजूंना अर्धगोल कापला की झालं घर. ओलं झालं, कुरतडलं, टाकून द्या, दुसरा खोका तयार असतोच.

पहिल्यांदा पाळणाऱ्यांना एक गोष्ट सगळ्यात जास्त समजवावी लागते ती म्हणजे एक नको, दोन. मला माहीत आहे की एक परवडतो, एकाचं करणं सोपं वाटतं, आणि एकटा ठेवला की तो आपल्याला जास्त लळा लावेल असंही वाटतं. पण हा कळपातला जीव आहे. एकमेकांना चिकटून झोपणं, एकमेकांच्या तोंडातली कोथिंबिरीची काडी ओढून नेणं, बारीक आवाजात दिवसभर काहीतरी पुटपुटत राहणं, हे त्यांचं जगणं आहे आणि यातलं काहीही माणूस देऊ शकत नाही, कितीही प्रेम असलं तरी. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून कायद्यानेच एकटा गिनीपिग पाळायला मनाई आहे. जोडीतला एक मेला तर उरलेल्यासाठी सोबती शोधावा लागतो, आणि तिथे सोबतीला गिनीपिग भाड्याने देणारे लोकही आहेत. ऐकायला गंमत वाटते, पण ज्यांनी हा कायदा केला त्यांनी या प्राण्याकडे नीट बघितलं होतं असं मला मनापासून वाटतं.

दोन म्हणजे दोन माद्या, किंवा लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन नर, आणि नर असतील तर जागा अजून मोठी. नर-मादी जोडी नको, आणि इथे दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. "दोन्ही फिमेल आहेत" म्हणून दिलेल्या जोडीने महिन्या-दोन महिन्यांत पिल्लं दिल्याचे प्रकार माझ्या ओळखीतच झालेत. नर तीन आठवड्यांचा असतानाच बाप होण्याजोगा होतो. मादी साधारण दोन महिने, म्हणजे ५९ ते ७२ दिवस, गाभण राहते, पिल्लं जन्मतात तीच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन, काही तासांत गवत चघळायला लागतात, आणि त्याच दिवशी आई पुन्हा गाभण राहू शकते. वर मादी सहा-आठ महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्यायली नसेल तर तिच्या कमरेच्या हाडांचा सांधा आवळत जातो आणि मग पहिलं बाळंतपण जिवावर बेततं. त्यामुळे घरी आणल्या आणल्या डॉक्टरकडून नर-मादी तपासून घ्यायचं. ससा सोबती म्हणून चालेल का असंही विचारतात. नाही चालत, सशाच्या एका लाथेने गिनीपिगचं हाड मोडतं, आणि सशाला काहीही न होता त्याच्या नाकाघशात राहणारे जंतू गिनीपिगला न्यूमोनिया करतात.

आमच्या चारोळी आणि मिरी दुकानातल्या नाहीत. चिंचवडच्या एका घरात अशीच न ठरवता पिल्लावळ झाली होती, तिथून या दोघी बहिणी आल्या. शक्य असेल तर असंच करा. पुण्या-मुंबईत दर वर्षी उन्हाळ्याची सुट्टी संपली की कितीतरी गिनीपिग 'कोणी नेता का' म्हणून ग्रुपवर फिरत असतात. दुकानातूनच घ्यायचे असतील तर २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, ती आहे का विचारा. विचारायला लाजू नका.

आता खाणं. यावर मी कितीही वेळ बोलू शकते.

गवत. ताटातलं ऐंशी टक्के गवत, आणि ते चोवीस तास समोर असलं पाहिजे. यांचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत असतात, समोरचेच नाही, दाढासुद्धा. गवत चावून चावून ते झिजतात. गवत कमी पडलं की दाढा वाढून जिभेवर कमान धरतात आणि जनावर समोर अन्न असून उपाशी मरतं. शिवाय आतडं सतत चालू राहायला हवं, ते थांबलं की गॅस धरतो आणि एका दिवसात खेळ खलास होऊ शकतो. दुकानात जे रंगीबेरंगी मिक्स मिळतं, मका, सूर्यफुलाच्या बिया, वाटाणे, त्यातलं त्यांना काहीच नको असतं.

परदेशी टिमोथी गवत ऑनलाइन मिळतं पण महाग पडतं, महिन्याचा खर्च धरताना ते पहिलं धरा. आपल्याकडे हरळी आहे, म्हणजेच दूर्वा, आणि ती यांना उत्तम चालते. आम्ही बाल्कनीत दोन मोठ्या कुंड्यांत हरळी लावलीय आणि एका ट्रेमध्ये घटाला पेरतो तसे गहू पेरतो, वीतभर वाढले की कापून देतो. रस्त्याच्या कडेची हरळी आणू नका, तिथे कुत्री असतात, फवारणी असते. देवाला वाहिलेल्या दूर्वा मी देत नाही, त्यांना हळदकुंकू आणि अत्तर लागलेलं असतं. लॉन कापायच्या मशिनमधून निघालेलं गवतही नको, ते चेचलेलं असतं, तासाभरात गरम होऊन आंबतं. गावाकडून कोणी प्रेमाने लसूणघास (गाईगुरांचा हिरवा चारा, लसूण नव्हे) पाठवला तर तो फक्त वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला. मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि लघवीच्या पिशवीत खडे होतात. आमच्या मावशींनी साताऱ्याहून पोतंभर पाठवलेला तो शेजारच्या गोठ्यात गेला, गाईंनी खुशीत खाल्ला.

आणि ढोबळी मिरची. रोज, न चुकता, प्रत्येकीला एक फोड. आपल्यासारखंच यांच्याही शरीरात सी जीवनसत्त्व तयार होत नाही. कुत्रा, मांजर, गाय, उंदीर सगळे ते स्वतः बनवतात, गिनीपिग आणि माणूस नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघा संशोधकांना गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवल्यावर खलाशांना होतो तोच स्कर्व्ही झालेला दिसला, आणि तिथून या जीवनसत्त्वाच्या शोधाला खरी वाट मिळाली. पुढे हंगेरीतल्या सेगेदमध्ये सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी शोधलेलं द्रव्य म्हणजेच सी जीवनसत्त्व हे १९३२ च्या सुमारास पक्कं झालं, तेही गिनीपिगवरच. आणि ते भरपूर प्रमाणात काढायचं कशातून, तर त्या गावात मुबलक पिकणाऱ्या पाप्रिका मिरचीतून, म्हणजे ढोबळीच्याच घराण्यातली. १९३७ चं नोबेल मिळालं त्यांना. मी रोज सकाळी चॉपिंग बोर्डवर ढोबळी कापते तेव्हा मला हे हमखास आठवतं. आपल्या पोरांच्या हिरड्या धड राहाव्यात यासाठी ज्यांचे सांधे सुजले, हिरड्यांतून रक्त आलं, त्यांच्या जातीला एक मिरचीची फोड रोज देणं हे मला उपकार वाटत नाही, देणं वाटतं.

हिशोब असा की वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते ३० मिलीग्रॅम लागतं, आणि मोठी मादी पाऊण ते एक किलोची असते, त्यामुळे बोटभर फोड आणि मूठभर पालेभाजी यात भागतं. सी जीवनसत्त्वाचे थेंब पाण्याच्या बाटलीत घालू नका, उजेडात ते काही तासांत उतरतं आणि पाण्याची चव बदलल्यामुळे जनावर पाणीच कमी पितं. पेलेट्स, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, घेतलेत तर गिनीपिगचेच घ्या, सशाच्या पेलेट्समध्ये हे जीवनसत्त्व घातलेलं नसतं, आणि पाकिटावरची तारीख बघून घ्या कारण तीन महिन्यांत त्यातलंही उडून जातं. कोथिंबीर चालते, काकडी चालते, गाजर थोडं, गोड असतं म्हणून. पालक नको, बटाटा, कांदा, लसूण अजिबात नको. दूध, पाव, बिस्किट, भात, पोळी यातलंही काही नको.

पोळीवरून आमच्याकडे थोडं झालं होतं. सासूबाईंना दारात आलेल्या जनावराला पोळीचा तुकडा दिल्याशिवाय चैन पडत नाही, आणि या दोघी तर घरातच. मी समजावलं, पण नुसतं 'नको' सांगून त्यांचा हात रिकामा राहत होता, ते मलाच बरं वाटेना. मग कोथिंबीर निवडणं आधीपासून त्यांच्याकडेच होतं, त्यातले देठ आता त्या वेगळे काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या स्टुलावर बसतात आणि एकेक देठ जाळीतून आत सरकवतात. फ्रिज उघडल्याचा किंवा पिशवीचा कुरकुर आवाज झाला तरी दोघी शिट्टीसारख्या ओरडायला लागतात, वीक वीक वीक, आणि सासूबाई आतून, "आले गं बायांनो, आले."

उन्हाळ्याचं आधी ठरवा, मार्चच्या आत. यांना १८ ते २४ अंश बरं वाटतं, २७-२८ च्या वर त्रास सुरू होतो, आणि पुण्यात एप्रिलमध्ये चाळीस गाठलं जातं. यांना घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करायचंही नीट जमत नाही. आम्ही पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवलाय, रात्रभर गार होतो, दुपारी दोघी त्यावर पाय पसरून पडतात. पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून जुन्या मोज्यात घालून एका कोपऱ्यात ठेवायची, म्हणजे हवी तेव्हा टेकता येतं, नको तेव्हा लांब जाता येतं. पडदे ओढलेले, आणि भर दुपारी एसी पंचवीसवर. कूलरने दमटपणा वाढतो म्हणून खोली बंद करून तो लावू नये. जनावर आडवं पडून भराभर श्वास घेतंय, लाळ गळतेय, उठवलं तर उठत नाही, असं दिसलं की साध्या गार पाण्यात भिजवलेलं फडकं कानांना आणि पायांना लावत तडक डॉक्टर, बर्फाचं पाणी ओतू नका. विदर्भातल्या मित्रमैत्रिणींना मी स्पष्टच सांगते, दिवसभर एसी चालवणं शक्य नसेल तर हा प्राणी घेऊ नका. वाईट वाटतं त्यांना, पण नागपूरच्या मे महिन्यात ही जनावरं कूलरवर निघत नाहीत.

पावसाळ्यात वेगळीच गंमत. श्रावणात फ्लीस वाळत नाही, म्हणून जोड जास्त लागतात, आमच्याकडे दांडीवर पंख्याखाली ही कापडं आणि शाळेचे युनिफॉर्म शेजारी शेजारी असतात. गवताला बुरशी धरते, म्हणून मोठं पोतं न आणता थोडं थोडं आणायचं, आणि प्लास्टिकमध्ये न ठेवता सुती अभ्र्यात हवेशीर टांगून ठेवायचं. नाकाला लावून बघा, चांगल्या गवताला गोडसर वास असतो, कुबट आला की फेकून द्या. ओल्या अंथरुणातून त्यांना नायटा होतो आणि तो पोरांच्या हाताला लागतो, हेही लक्षात असू दे.

मग गणपती. आम्ही मिरवणुकीच्या रस्त्यापासून लांब नाही, ढोल-ताशाने खिडकीच्या काचा थरथरतात. त्या दिवसांत आणि दिवाळीच्या फटाक्यांत दोघींना आतल्या बेडरूममध्ये हलवतो, खिडक्या बंद, पिंजऱ्याच्या तीन बाजूंना जाड चादरी, आणि गवताचा एवढा ढीग की दोघी त्यात पूर्ण बुडतील. आवाज तर बंद करता येत नाही. पण लपायला जागा असली की त्या खात राहतात, आणि खाताहेत तोवर मला काळजी नसते.

डॉक्टर आधी शोधा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, गिनीपिग बघणारे मोजके. फोन करून सरळ विचारायचं, तुमच्याकडे गिनीपिग येतात का, त्यांच्या दाढा तपासता का, आणि तोंडावाटे अमॉक्सिसिलिन देता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर दुसरे डॉक्टर बघा. पेनिसिलीनच्या घराण्यातली औषधं पोटात गेली की यांच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू माजतात, आणि साध्या सर्दीवरच्या औषधाने जनावर जातं. घरातलं लहान मुलांचं सिरप थोडंसं देऊन बघू, हा विचारसुद्धा नको.

आजार लपवण्यात हे पटाईत असतात, कळपात जो आजारी दिसतो तो आधी मारला जातो. म्हणून दर रविवारी स्वयंपाकाच्या काट्यावर स्टीलचा मोठा डबा ठेवून वजन करायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. लेकीचं काम आहे ते आमच्याकडे, ती एका हाताने छातीखाली आणि दुसऱ्या हाताने मागच्या पायांखाली आधार देऊन उचलते, अगदी डॉक्टरीणबाईंच्या थाटात. पन्नासेक ग्रॅमने वजन उतरलेलं दिसलं की आम्ही नीट लक्ष ठेवायला लागतो, बाहेरून काही दिसत नसलं तरी.

आणल्यावर पहिले काही दिवस त्यांना उचलू नका. पोरांना हे फार जड जातं. पण अचानक वरून हात आला की त्यांच्या लेखी ती घारच असते. म्हणून पिंजऱ्याशेजारी खाली बसायचं, पुस्तक वाचायचं, मोठ्याने वाचलं तर अजून चांगलं, आपला आवाज ओळखीचा होतो. मग एक दिवस काकडीचा तुकडा हातातून ओढून नेतात. आणि मग केव्हातरी उगाचच, काहीही कारण नसताना, त्यातली एक जागच्या जागी हवेत उसळते, लाही फुटल्यासारखी, अंग वाकडं, पाय एकीकडे डोकं एकीकडे, आणि खाली पडताच पुन्हा. आनंदाने करतात ते. आमच्याकडे पहिल्यांदा मिरीने केलं तेव्हा लेक घाबरून ओरडली की आई हिला झटका आला, आणि मग कळल्यावर आम्ही तिघी जेवण सोडून पुन्हा कधी उसळते ते बघत बसलो.

पाच ते सात वर्षं जगतात हे. पाचवीतल्या मुलीसाठी आणलात तर तिच्या दहावीला, बारावीला ते घरात असतील, आणि शनिवारी सकाळी क्लास असताना कापड तुम्हालाच बदलायचं असेल. हे मान्य असेल तरच घ्या.

एक शेवटचं राहिलं, गावाला जाताना. आम्ही दिवाळीत कोल्हापूरला जातो, तेव्हा यांना गाडीतून नेत नाही, त्या प्रवासाने आणि नव्या जागेने त्या दोन दिवस धड खात नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकू सकाळ-संध्याकाळ येतात. त्यांच्यासाठी फ्रिजवर कागद चिकटवलेला असतो: गवत संपू द्यायचं नाही, ढोबळी सकाळी, कोथिंबीर संध्याकाळी, पाणी रोज नवं, फटाके सुरू झाले की बेडरूमचं दार लावायचं, गोड काही नाही, फराळाचं तर नाहीच. खाली डॉक्टरांचा नंबर आणि रिक्षावाल्या दादांचा नंबर. आणि त्याखाली लेकीने लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलंय, काकू, सकाळी दिलेलं संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं तर आम्हाला फोन करत बसू नका, आधी डॉक्टरकडे न्या, पैसे ओट्यावरच्या डब्यात आहेत.